घट्ट अंगठी, सुटणारी गाठ आणि वाकडं फूल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बोटाचा घेर 54 मिमी मोजला, तेवढ्याच लांबीची बारीक मण्यांची माळ ओवली, तरी अंगठी बोटात जात नाही. माप कुठे चुकलं?

माप बरोबर आहे, पण ते दोऱ्याचं झालं. दोरा मण्याच्या मधून जातो आणि बोट टेकतं मण्याच्या आतल्या कडेला. माळ वळवली की आतला घेर मण्याच्या जाडीच्या 3.14 पट कमी होतो. 11 नंबरचा मणी साधारण 2 मिमी जाड, म्हणजे 6 मिमीची तूट. 8 नंबरचा मणी 3 मिमीचा, तिथे 9 मिमीहून जास्त. (नंबर वाढेल तसा मणी बारीक, हे उलटं गणित सुरुवातीला सगळ्यांनाच चकवतं.)

तेव्हा 11 नंबरच्या मण्यांची माळ 60 मिमी ओवा. साधारण बेचाळीस-त्रेचाळीस मणी लागतील, पण पाकिटागणिक फरक पडतो. आधी वीस मणी ओवून पट्टीवर मोजा आणि मग हिशोब करा. शिवाय टंगूस (मणी ओवायचा नायलॉनचा दोरा) फारशी ताणत नाही, म्हणून घेर बोटाच्या बुडाशी न घेता सांध्यावर घ्या.

प्रश्न: टंगूसची गाठ दोन दिवसांत सुटते. गोंद लावू का?

गोंदावर भिस्त नको. झटपट चिकटणारा गोंद वाळून कडक होतो आणि अंगठी वाकली की तडकतो. इलॅस्टिक दोरा तर त्यानेच ठिसूळ होऊन गाठीपाशी तुटतो. खरा दोष गाठीचा. टंगूस गुळगुळीत आणि ताठ, एका वेढ्याची गाठ त्यावर घसरते. पहिल्यांदा दोन वेढे देऊन ओढा, मग उलट दिशेने आणखी एक. नंतर दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना चार-पाच मण्यांतून नेऊन ओढा, गाठ मण्यात सरकते. मगच कापा. गाठीलगत कापलेलं टोक बोचतं ते वेगळंच. 11 नंबरच्या मण्यांना 0.20 ते 0.25 मिमीची टंगूस घ्या. त्याहून जाड घेतली तर परतीच्या फेरीला भोकात जागा उरत नाही.

प्रश्न: फुलाच्या अंगठीत मधला मणी एका बाजूला सरकतो.

सहा मणी ओवा, पहिल्यातून पुन्हा दोरा काढून गोल आवळा, मधला मणी घ्या आणि चौथ्यात शिरा. इथेच चूक होते. चौथ्यात पाचव्याच्या बाजूने शिरायचं. तिसऱ्याच्या बाजूने शिरलात तर दोरा फुलाच्या मध्यातून जातच नाही, मग मणी कडेला ओढला जाणारच.

गोल मणी असतील तर सहा पाकळ्यांना मधला मणी त्याच मापाचा बसतो. आठ पाकळ्या हव्यात तर तो दीडपटीहून थोडा मोठा लागतो, नाहीतर मधे फट दिसते.

प्रश्न: मण्यांचा रंग बोटाला लागतो.

वरून रंगवलेले मणी असावेत. ओवण्याआधी चार मणी ओल्या पांढऱ्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेवा आणि सकाळी चोळून बघा. कापडावर डाग उमटला तर ते मणी कानातल्यात वापरा. अंगठी दिवसभर साबण-पाण्यात जाते.