तारीख पुढे ढकला, आणि मशेरीसकट सगळे सांगा

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, तीन आठवड्यांवर आली आहे. ऑफिसात दिवसाला चार-पाच सिगारेटी होतात, शनिवारी दोन पेग होतात आणि घरी यातले काहीच कोणाला ठाऊक नाही. सर्जनने चार आठवडे आधी सिगारेट पूर्ण बंद करायला सांगितले होते, ते जमले नाही. आता रोज दोनवर येऊन आणि मध्ये निकोटिनचे च्युइंगम चघळून भागेल का, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना डॉक्टरांना खरे कसे सांगायचे?

माझे मत असे की भागणार नाही, आणि तुमच्या हातात आज जी एक गोष्ट सहज बदलता येण्यासारखी आहे ती म्हणजे तारीख. ही शस्त्रक्रिया तातडीची नाही. ती महिन्या-दीड महिन्याने झाल्याने पोटाचे काही बिघडत नाही, पण निकोटिन अंगात असताना झाली तर बिघडू शकते.

का, ते सांगते. या शस्त्रक्रियेत बेंबीच्या वरपर्यंतची कातडी चरबीसकट स्नायूंपासून सुटी करतात, खालचा जादा भाग कापून टाकतात आणि उरलेली कातडी खाली ओढून ओटीपोटावर आडवी शिवतात. सुटी करताना स्नायूंमधून वर येणाऱ्या बऱ्याच रक्तवाहिन्या तुटतात, त्यामुळे टाक्यांच्या मधोमध येणाऱ्या कातडीला रक्त लांबून, कडेकडेने यावे लागते. आम्हा ठाणेकरांना हे समजावून सांगावे लागत नाही: घोडबंदर रोडला पाण्याचा दाब कमी झाला की सर्वांत आधी नळ कोरडा पडतो तो शेवटच्या सोसायटीचा. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते, आणि सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणजे येणारे रक्त कमी आणि त्यातला ऑक्सिजनही कमी. मग टाक्यांची कड काळी पडते, कातडी मरते, जखम उघडते आणि महिनोन्महिने ड्रेसिंग चालू राहते. १९८४ साली अमेरिकेतल्या सर्जनांनी फेसलिफ्ट झालेल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कातडी मरण्याची शक्यता सुमारे १२ पट आढळली होती. फेसलिफ्टमध्येही कातडी अशीच सुटी करून ओढतात, म्हणून तो आकडा तुमच्या पोटालाही लांबचा नाही.

चारवरून दोनवर येण्यात आणखी एक फसवणूक आहे. सिगारेटी कमी केलेला माणूस उरलेल्या सिगारेटीचे झुरके नकळत खोल ओढतो आणि पाहिजे तेवढे निकोटिन मिळवतोच. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो हे खरे, पण जखम भरून आणणाऱ्या पेशींचे काम पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. चार आठवड्यांची अट त्यासाठी आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरही किमान तेवढेच दिवस ती पाळायची असते. डेन्मार्कमध्ये खुबा आणि गुडघा बदलायच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना ६ ते ८ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला मदत केली गेली. त्या गटात गुंतागुंत १८ टक्के रुग्णांना झाली आणि मदत न मिळालेल्यांत ५२ टक्क्यांना. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

च्युइंगमचे प्रकरण जरा नाजूक आहे. त्यात धूर नाही, म्हणून ते सिगारेटपेक्षा नक्कीच बरे, आणि इतर अनेक शस्त्रक्रियांआधी डॉक्टर स्वतःच ते देतात. पण कातडी सुटी करून ओढण्याच्या कामात बरेच प्लास्टिक सर्जन तेही नको म्हणतात, कारण निकोटिन ते निकोटिनच. शिवाय लघवीची कोटिनिन तपासणी झाली (कोटिनिन म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य) तर ती च्युइंगमनेही पॉझिटिव्ह येते. निकोटिन नसलेल्या गोळ्याही मिळतात, मात्र त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विचार मनात असेल तर तो सोडून द्या; त्यातही बहुधा निकोटिनच असते आणि आपल्याकडे २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

आता माझी चूक. सहा वर्षांपूर्वी हीच शस्त्रक्रिया ठरवताना मला क्लिनिकमध्ये विचारले, "सिगारेट ओढता का?" मी अगदी खरे उत्तर दिले, "नाही." माहेरी आईच्या मांडीवर बसून शिकलेली सकाळची मशेरी मी तंबाखूत कधी धरलीच नव्हती, ती माझ्या लेखी दात घासणे होती. भूलतज्ज्ञ बाईंनी तपासणीसाठी तोंड उघडायला लावले, हिरड्यांकडे पाहिले आणि हळूच विचारले, "दिवसातून किती वेळा लावता?" भाजलेल्या तंबाखूतले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते, हे मला तेव्हा कळले. माझी तारीख सहा आठवडे पुढे गेली आणि भाच्याच्या लग्नात मी जुन्याच पोटावर पदर सावरत मिरवले. राग आला होता, पण जखम एकही टाका न उसवता भरली. तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी, सगळे सांगायचे असते ते यासाठी. (गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडू लागलेल्यांना तर श्वासनलिकेत नळी घालणेच अवघड होते.)

दारूबद्दल तुमच्या बाबतीत मला फार काळजी वाटत नाही, पण मोजमाप नीट सांगा. "दोन पेग" म्हणजे ६० मिलिलिटर की १२० हे ऐकणाऱ्याला कळत नाही. दारूने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि कातडीखाली रक्त साचू शकते, म्हणून ती काही आठवडे आधी बंद केलेली उत्तम. शस्त्रक्रियेनंतर गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असेपर्यंत एक घोटही नको. मात्र रोज क्वार्टर रिचवणारे कोणी हे वाचत असेल तर त्यांनी डॉक्टरांना न सांगता एकदम बंद करू नये. अशा माणसाला शेवटच्या पेगनंतर दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, झटके येऊ शकतात, आणि ते रुग्णालयात ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री सुरू झाले तर कोणाला कारणच उमगत नाही.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. डॉक्टरांनी तुमची माहिती गुप्त ठेवणे हे त्यांचे कर्तव्यच आहे, पण शेजारी बसलेल्या माणसाचे कान ते बंद करू शकत नाहीत. त्यामुळे भेटीच्या दिवसाची वाट पाहू नका. क्लिनिकला आधीच फोन करून सांगा की मला सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांशी पाच मिनिटे एकटीने बोलायचे आहे. ही मागणी त्यांना नवी नसते. घरी सांगायचे कारण "रक्ताच्या तपासणीत काही कमी आले, म्हणून महिनाभर थांबायला सांगितले" असे काहीही असू द्या, तो तुमचा प्रश्न आहे. डॉक्टरांना मात्र आकड्यासकट खरे सांगा. सोडताना आधार हवा असेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. फोन ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत करा, म्हणजे घरी कोणी ऐकणार नाही आणि नेमकी त्या वेळची टपरीही चुकेल.