नेलं, पण काहून नेलं ते कोणीच सांगत नाही

प्रश्न : सर नमस्कार. माझा लहान दीर सौदीत दम्मामकडे एका कंपनीत वेल्डर आहे. सव्वा महिना झाला, त्याला पोलिसांनी नेलं म्हणे. त्याच्या रूमवरच्या पोट्ट्यानं फोन करून सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. काहून नेलं ते कोणाला माहीत नाही, कंपनीवाला म्हणते तपास सुरू आहे. गावातला एक जण म्हणून राहिला अडीच लाख द्या, माझी तिकडे ओळख आहे, आठ दिवसात सोडवून आणतो. सासूबाई जेवत नाहीत. आरोप न लावता असं कोणाला ठेवता येते का? आम्ही इथून काय करावं?
(एक ताई, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, पहिले त्या अडीच लाखाचं बोलतो, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुम्ही ते देऊन बसाल अशी भीती वाटते. देऊ नका. तिकडचा तपास पोलीस आणि सरकारी वकिलाच्या हातात असतो, तिथं दारव्ह्यात बसलेल्या माणसाची ओळख चालत नाही, आणि चाललीच तर ती लाच झाली, म्हणजे आत असलेल्या पोराच्या डोक्यावर अजून एक गुन्हा.

आता आरोप न लावता ठेवता येतं का. येतं, काही काळ. ऐकायला वाईट वाटते पण जवळपास सगळ्याच देशात येतं, फरक एवढाच की किती दिवस आणि कोणाच्या परवानगीनं. सौदीच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात तपास अधिकारी पहिले ५ दिवस ठेवू शकतो, मग वरून मंजुरी घेत घेत मुदत वाढवत नेतात, पण सगळं मिळून साधारण ६ महिने, त्यानंतर एकतर कोर्टात न्या नाहीतर सोडा. (दहशतवादाच्या केसेसचा कायदा वेगळा, तिथं हे गणित लागत नाही.) म्हणजे तुमच्या दिराचा सव्वा महिना त्यांच्या कायद्याच्या मुदतीत बसतो, आज आपण छाती ठोकून बेकायदा धरलं म्हणू शकत नाही. पण म्हणून गप्प बसायचं असं नाही, कारण एक हक्क असा आहे की जो पहिल्या दिवसापासून लागू होतो.

१९६३ चा व्हिएन्ना करार आहे, वकिलातींबद्दलचा, म्हणजे परदेशातल्या दूतावास-कॉन्सुलेटबद्दलचा. त्याचं कलम ३६ म्हणते की परदेशी माणसाला पकडलं तर त्याला विनाविलंब सांगायला पाहिजे की तुला तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवायचा हक्क आहे, आणि त्यानं मागितलं तर वकिलातीला कळवायला पाहिजे, मग आपले अधिकारी त्याला जाऊन भेटू शकतात, पत्रव्यवहार करू शकतात, वकील मिळवून देऊ शकतात. भारत आणि सौदी दोघंही या करारात आहेत. यात खोच ही की मागायचं त्या कैद्यानं असते. आपली पोरं घाबरतात, भाषा येत नाही, अरबीतल्या कागदावर सही करून मोकळी होतात, आणि दूतावासाला कळायला महिने जातात. वरून काही देशांचे प्रायव्हसीचे कायदे इतके कडक आहेत की कैद्याची संमती नसली तर ते आपल्या सरकारलाही माहिती देत नाहीत. म्हणून त्या रूमवरच्या पोट्ट्याला किंवा कंपनीच्या माणसाला एकच निरोप पाठवा, आत जाऊन भेटायला मिळालं तर दिराला सांगा, "मला भारतीय दूतावासाशी बोलायचं आहे" एवढं रोज म्हण, आणि वाचून दाखवल्याशिवाय कशावर सही करू नको.

इकडं तुम्ही आजच परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका. जवळच्या नातेवाइकाच्या नावानं टाका, सासूबाईंच्या नावानं टाकली तर उत्तम, तालुक्याच्या सीएससी सेंटरवरचा पोरगा करून देईल. पासपोर्टची कॉपी, इकाम्याचा (सौदीतल्या राहण्याच्या परवान्याचा) नंबर, कंपनीचं नाव, शेवटचा फोन कधी आला ते, सगळं जोडा. दम्माम रियाधच्या दूतावासाकडे येते, जेद्दाच्या कॉन्सुलेटकडे नाही, त्यामुळे मेल रियाधला करा. खासदारांच्या ऑफिसातून एक पत्र मंत्रालयाला गेलं तर फाईल हलते, हे लिहायला बरं नाही वाटत पण तसंच आहे. तो एजंटमार्फत गेला असेल तर त्या एजंटचा नोंदणी नंबर ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर आहे का पहा, असला तर त्याच्यावरही जबाबदारी येते आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचा सरकारी अधिकारी) तक्रार करता येते. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर दूतावासाजवळ इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे, २००९ पासून, अडचणीतल्या माणसाला त्यातून कायदेशीर मदत करता येते, पण ती मागावी लागते, आपोआप येत नाही.

आणि इथल्या कोर्टात जायचं कोणी सुचवलं तर. नागपूर खंडपीठात याचिका टाकून सौदीच्या कोठडीतला माणूस सुटत नाही ताई. फार तर आपलं कोर्ट केंद्र सरकारला विचारेल की तुम्ही काय प्रयत्न केले. दूतावासही तुरुंगाचं दार उघडू शकत नाही. तो भेटू शकतो, विचारू शकतो, आणि कोणीतरी विचारून राहिलं हे दिसलं की आत असलेल्याला मिळणारी वागणूक बदलते, हे लहान नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की ज्या देशात जातो तिथला कायदा पाळावा. काहून पाळावा? जिथं आरोप न सांगता आत टाकतात त्या कायद्याला कायदा तरी म्हणावं का? आपण एवढा मोठा देश, सरकार दम का देत नाही?
(एक वाचक, मेहकर, जि. बुलडाणा)

उत्तर : भाऊ, राग समजतो. पण आधी घरचं पाहू. आपल्या घटनेचं कलम २२ म्हणते की पकडलेल्याला २४ तासात मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा, आणि त्याच कलमात पुढं प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला सूट आहे. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली माणसाला खटला न चालवता १२ महिने ठेवता येते. यूएपीएत (दहशतवादाच्या केसेसला लावतात तो कायदा) चार्जशीटशिवाय १८० दिवस. तुमच्या मेहकरात कोणी मिसाबंदी (मिसा कायद्याखाली खटल्याशिवाय आत टाकलेले) आजोबा असतील तर त्यांना विचारा, आणीबाणीत कोणता आरोप लावला होता. १९७६ मध्ये तर सुप्रीम कोर्टानं ४ विरुद्ध १ नं सांगितलं होतं की अशा माणसाला कोर्टाचं दारही वाजवता येणार नाही. म्हणजे तिकडचा कायदा रानटी आणि आपला साजूक तुपातला, असं काही नाही.

आता उलटं पहा. २०१२ मध्ये केरळजवळ समुद्रात एका इटालियन जहाजावरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात आपले दोन मच्छीमार मेले. ते दोघं वर्षानुवर्षं भारतात अडकले आणि खटला काही उभा राहिला नाही, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कोर्टात यावरच भांडण. इटली तेच ओरडत होती जे तुम्ही आज ओरडून राहिले, की आरोपाशिवाय आमची माणसं धरली. तेव्हा आपण सगळे काय म्हणत होतो? इथं आमचा कायदा चालेल. टीव्हीवर तर काही जण त्यांच्या राजदूतालाच अडकवा म्हणत होते. शेवटी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं निकाल दिला की खटला इटलीत चालेल आणि नुकसानभरपाई भारताला मिळेल, १० कोटी जमा झाले आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं इथली केस बंद केली.

दम देण्याचं म्हणाल तर कतारचं प्रकरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या नौदलातले ८ माजी लोक धरले, कित्येक महिने कशासाठी ते जाहीरच नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट फाशी. देशभर संताप. सरकारनं काय केलं, तर त्यांच्याच कोर्टात अपील केलं आणि बाजूनं मोठ्या पातळीवर बोलणी चालू ठेवली. डिसेंबरमध्ये फाशी रद्द होऊन कैद झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आठही जण सुटले. त्यांचं कोर्टच मानत नाही म्हणून बसलो असतो तर अपील कुठं केलं असतं? जिथं खरंच करार मोडला तिथं भांडायलाही कायदाच लागला. हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्ताननं फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांना वकिलातीला भेटू दिलं नाही म्हणून आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात गेलो, २०१९ मध्ये १५ विरुद्ध १ नं निकाल आपल्या बाजूनं लागला, त्याच कलम ३६ वर. तरी कोर्टानं सोडा म्हटलं नाही, फेरविचार करा म्हटलं, आणि ते अजून घरी आले नाहीत.

तेव्हा मान ठेवा म्हणजे आवडून घ्या असं मी म्हटलं नव्हतं. व्हिसावर सही केली की तिथले नियम लागू झाले, तुम्हाला पटो न पटो. नाही पटत तर जाऊ नका, हाही पर्याय आहे, पण सोयाबीनच्या भावाकडे पाहून तो किती जणांजवळ आहे ते तुम्हालाही माहीत आहे. परदेशातल्या तुरुंगात आपले दहा हजारांवर लोक आहेत असं सरकारनंच संसदेत सांगितलं आहे, त्यात सौदी आणि यूएई (दुबई, अबुधाबीचा देश) सगळ्यात पुढं. त्यातला एखादा तरी बिचारा आपण काय मोडलं हे न कळताच आत गेला असणार. खालचं पत्र पहा.

प्रश्न : मुलगा दुबईला चालला. सोबत घरचा सावजी मसाला आणि कंबरदुखीच्या गोळ्या देऊ का?
(एक आई, उमरेड)

उत्तर : मसाल्यात खसखस आहे ना? मग नको. यूएईत खसखस अमली पदार्थात धरतात, चिमूटभर सापडली तरी तपास होतो, आणि "आईनं दिलं" हे तिथं उत्तर नाही. बिनखसखशीचा करून द्या, चव जराशी कमी होईल, तिथं काजू मिळतात. गोळ्यांच्या पट्टीवर ट्रामाडोल किंवा कोडीन लिहिलेलं असेल तर त्या तशाच देऊ नका, यूएई सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते, डॉक्टरची चिठ्ठी लावून. साध्या पॅरासिटामॉलला हे काही लागत नाही. आणि दुसऱ्या कोणाचं पार्सल त्याच्या बॅगेत टाकू देऊ नका, सख्ख्या मामाचं असलं तरी.