आत साचलेलं दाबून ठेवू की बाहेर काढू?

"मॅडम, आत खूप साचलंय. बाहेर काढलं नाही तर एक दिवस फुटेन."

हे वाक्य मानसोपचारासाठी माझ्याकडे येणाऱ्या किती जणांकडून ऐकलं, याची मोजदाद नाही. कुणी वाफ म्हणतं, कुणी लाव्हा, कुणी प्रेशर कुकर. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: दाबू की काढू? पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचे. आता मला प्रश्नच चुकलेला वाटतो. तो का, ते सांगण्यासाठी एक अनुभव लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले गृहस्थ. आवाज मृदू, प्रत्येक गोष्टीला "चालेल". घरी मात्र महिन्यातून एकदा तरी भडका उडायचा. एकदा तर फोन भिंतीवर आपटला. माणसावर हात उचलला आहे का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. नव्हता. (उचलला असता तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी घरच्यांच्या सुरक्षिततेचं पाहिलं असतं.) कुणीतरी सुचवलं म्हणून ते रोज रात्री उशीला गुद्दे मारायचे.

"फरक पडतो?"

"दहा मिनिटं. मग उशीचाच राग येतो."

आम्ही दोघंही हसलो. पण त्या रात्री मी मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं लिखाण पुन्हा उघडलं.

उशीच्या सल्ल्यामागे त्यांचीच सावली आहे. माणसाला आतून रेटणाऱ्या प्रेरणेसाठी फ्रॉइड यांचा जर्मन शब्द 'ट्रीब'. ढकलणं, रेटणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. 1915 च्या निबंधात त्यांनी अशा प्रेरणेची चार अंगं सांगितली: जोर, हेतू, विषय आणि शरीरातला उगम. हेतू एकच, ताण उतरवणं. आणि विषय, म्हणजे ज्याच्या मार्फत तो उतरतो ती व्यक्ती किंवा वस्तू, हे चौघांतलं सगळ्यात बदलतं अंग. एक नाही तर दुसरं. माणूस नाही तर उशी! फ्रॉइड यांनी स्वतः असा सल्ला दिला नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. उलट 1933 मध्ये त्यांनीच हा सिद्धांत म्हणजे आपलं पुराण आहे, अशी कबुली दिली होती. पण लोकांच्या मनात उरली ती कोंडलेली वाफ. गंमत म्हणजे प्रयोगात ती टिकत नाही: ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही, उलट काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त राहिला, असं मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या अभ्यासात दिसलं.

आता त्या गृहस्थांकडे. चार-पाच महिने सगळं "चालेल"वर चाललं होतं. एकदा मी त्यांची वेळ बदलली आणि पुढच्या भेटीत त्यांच्या बहिणीच्या आजारपणाबद्दल असं विचारलं, जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. त्यांनी ते आधी सविस्तर सांगितलं होतं.

"तुम्हाला आठवतही नाही! मी इथे येऊन भिंतीशी बोलतो का?"

आवाज खोलीबाहेर गेला असेल. आणि लगेच त्यांची नजर दाराकडे. उठून जाणार, की मी जाईन असं त्यांना वाटत होतं? क्षणभर मला सारवासारव करावीशी वाटली. नाही केली.

"नाही आठवलं. चूक माझी आहे. तुमचा राग ऐकतेय, बोला."

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आई अबोला धरायची. मी चिडलो की आठ-आठ दिवस. जेवायला वाढायची, पण बघायची नाही."

पुढच्या आठवड्यात ते दहा मिनिटं आधीच येऊन बसले होते. "वाटलं होतं, तुम्ही वेळ रद्द कराल." मी विचारलं, राग गेला का? "राग तेवढाच आहे मॅडम. पण फुटायला होत नाहीये."

या उत्तराने मला जे शिकवलं ते वीस वर्षांच्या वाचनाने शिकवलं नव्हतं. साठा तेवढाच, तरी स्फोट नाही. म्हणजे राग बाहेर पडायची वाट शोधत नव्हता. राग व्यक्त झाल्यावरही जागेवर राहील असं माणूस शोधत होता. 1940 च्या दशकात मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबर्न यांनी हेच मांडलं: प्रेरणा मुळात सुखाकडे नाही, माणसाकडे धावते. दुसरे मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1968 च्या व्याख्यानात आणखी पुढचं सांगितलं: ज्याच्यावर आपण तुटून पडतो तो सूड न घेता टिकला, तरच तो आपल्याला खराखुरा वाटू लागतो.

मात्र सगळं नात्यातच आहे, शरीर काहीच नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आवळलेला जबडा, भूक, कामवासना हा रेटा खराच आहे. मी रेट्याची कल्पना सोडली नाही, कोंडलेल्या वाफेची सोडली.

म्हणून हल्ली मी 'किती साचलंय' असं विचारत नाही, 'कुणासाठी साचलंय' असं विचारते. तुम्हीही भडक्याच्या आधीचा तासभर आठवून पाहा: कुणाला काय सांगायचं राहिलं? ते त्याच माणसाला, राग लहान असतानाच, शब्दांत सांगा. "मला याचा राग आला" एवढं पुरतं. समोरच्याला पटलंच पाहिजे असं नाही; तो तिथे राहिला पाहिजे. आणि तुमच्यावर कुणी चिडलं, तर लगेच समजूत घालू नका, अबोलाही धरू नका. समोरच्याच्या रागाची भीतीच वाटत असेल, तर मात्र हा सल्ला तुमच्यासाठी नाही. आधी सुरक्षित जागा आणि मदत शोधा.

ते गृहस्थ आता महिन्यातून एकदा येतात. आईचा अबोला सुटलेला नाही. मागच्या वेळी चार दिवस होता. "पाचव्या दिवशी मीच फोन केला," ते म्हणाले. "रागासकट."