मॅडम, चुकीचा पार्ट घेतला तर?

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत ही काळजी माझ्याकडे सारखी येतेय. मुलं विशी-पंचविशीतली, नोकरी नुकती लागलेली, स्वतःच्या पैशातून गेमिंग पीसी बनवायचाय आणि महिनोन्महिने नुसते व्हिडिओ बघणं, लिस्ट करणं, खोडणं, परत करणं चाललंय. झोप लागत नाही, चिडचिड होते असं सांगत येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे बाहेर पडतं. घरचे म्हणतात एवढ्याशा गोष्टीचं काय टेन्शन घ्यायचं, पण ज्याच्यासाठी ७०-८० हजार ही पहिल्यांदाच स्वतःच्या हिमतीवर खर्च करायची रक्कम आहे त्याच्यासाठी ती एवढीशी नसते हो. अशाच एका मुलाचं सांगते, त्याची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

२०२४ ची गोष्ट. बजेट ८० हजार, सगळं धरून. त्याच्या फोनमध्ये एकाच पीसीच्या ढीगभर लिस्ट होत्या. रोज कोणीतरी नवीन काहीतरी सांगायचं, एएम४ (प्रोसेसर बसवायचा सॉकेट) आता जुना झाला एएम५ घे, आठ जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड लवकरच कमी पडेल, आणि कुठल्यातरी बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर, म्हणजे कुठला पार्ट बाकीच्यांना अडवतो ते सांगणाऱ्या वेबसाइटवर, लाल आकडा आला की त्याची पूर्ण रात्र जायची.

मी त्याला म्हटलं, सध्याची लिस्ट मला मोठ्याने वाचून दाखव आणि प्रत्येक पार्ट का घेतलास ते एका वाक्यात सांग.

"प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स. सहा कोअर पुढे कमी पडले तर म्हणून आठ."
"मदरबोर्ड?"
"महागातला बी५५०. कधी ओव्हरक्लॉक करावंसं वाटलं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावासा वाटला तर."
"केलंयस कधी?"
"नाही."

लिक्विड कूलर, उन्हाळ्यात गरम झाला तर. रॅम ३२ जीबी, १६ पुरली नाही तर. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा पार्ट, ८५० वॉटचा, कधी मोठं कार्ड टाकलं तर. काचेचं कॅबिनेट. एवढं सगळं झाल्यावर ग्राफिक कार्डसाठी जेमतेम चौदा हजार उरत होते, म्हणून तिथे २०१९ सालचं चार जीबीचं जीटीएक्स १६५०. आणि मॉनिटर? घरातलाच जुना, ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा.

मला कॉम्प्युटरमधलं फार कळतं असं नाही, पण या मुलांमुळे बरंच शिकलेय. प्रोसेसर ६५ वॉटचा, कार्ड ७५ वॉटचं, आणि त्यांना वीज पुरवायला ८५० वॉट! आकडे त्याच्यासमोर कागदावर लिहिले आणि विचारलं, "यातला आज रात्री खेळण्यासाठी घेतलेला पार्ट कुठला?"

तो बराच वेळ लिस्टकडे बघत राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. असा वेळ समोरच्याला मिळू द्यावा लागतो, आपण घाईने उत्तर सुचवलं की गेलं सगळं. मग हळूच म्हणाला, "ग्राफिक कार्ड. आणि मॉनिटर. आणि त्यातच मी सगळ्यात कमी पैसे टाकलेत."

"मग बाकीचे पैसे कशावर गेलेत?"

"मॅडम, कोणी मला 'तरी सांगत होतो' म्हणू नये यावर."

मी कितीही समजावलं असतं तरी हे वाक्य त्याला देता आलं नसतं, ते त्याचं त्यालाच सापडायला हवं होतं. मग घरातलं निघालं. आईने एकदा स्वतः पसंत करून मिक्सर आणला, तो वर्षभरात बिघडला, आणि त्या मिक्सरची आठवण त्या घरात अजून निघते. हा मुलगा त्या वातावरणात मोठा झालाय. त्याची भीती गेम अडकण्याची नव्हतीच, आपली निवड चुकली की आपणच चुकीचे ठरलो असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांनी काम करते. त्यांचं सांगणं असं की घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी काय बोलतो त्याचा त्रास जास्त होतो. पार्ट थोडा चुकला तर वाईट वाटेल, दोन-तीन हजार जातील, पण तुझी किंमत कमी होत नाही, हे आम्ही पुढच्या काही भेटींमध्ये पुन्हा पुन्हा घोळवलं.

मग पीसी उलट्या बाजूने ठरवायला घेतला. काय खेळतोस? रात्री कॉलेजच्या मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि सुट्टीच्या दिवशी एखादा मोठा स्टोरीवाला गेम. कुठल्या स्क्रीनवर? १०८०पी. इथेच निम्मा प्रश्न सुटतो, कारण १०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, साधारण २१ लाख पिक्सेल आणि ४के म्हणजे ८३ लाख, म्हणजे कार्डावर किती ओझं पडणार हे स्क्रीन ठरवते. आणि स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर कार्डाने १४० फ्रेम बनवल्या तरी डोळ्यांना सेकंदाला ६० वेळाच नवीन चित्र मिळणार.

बॉटलनेकचं पण तेच. व्हॅलोरंटमध्ये बहुतेक वेळा प्रोसेसर आधी थकतो, मोठ्या गेममध्ये कार्ड, म्हणजे प्रत्येक पीसीत कुठेतरी काहीतरी अडणारच, गेम बदलला की जागा बदलते. हे कळल्यावर त्या लाल आकड्याची भीती बरीच उतरली.

शेवटी त्याने घेतलं ते असं: रायझन ५ ५६००, त्याच्याबरोबर कूलर बॉक्समध्येच येतो. साधा बी५५० बोर्ड. १६ जीबी रॅम, पण आठ-आठच्या दोन स्टिक, कारण एकाच स्टिकवर रॅमचा वेग अर्धाच वापरला जातो. ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, ११५ वॉटचं. गेम साठवायला १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. १४४ हर्ट्झचा मॉनिटर. एसएमपीएस ६५० वॉट, ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवण्याचा एक दर्जा), चांगल्या कंपनीचा. याबाबतीत मी पण आग्रही होते, कारण कॅबिनेटबरोबर येणारा स्वस्तातला बिननावाचा एसएमपीएस बिघडला तर बाकीचे पार्ट घेऊन जाऊ शकतो, तिथे काळजी योग्यच आहे. सगळं मिळून तेव्हाच्या भावाने ८० हजारांच्या आत बसलं. त्यानंतर रॅमचे भाव खूप चढलेत, त्यामुळे हीच लिस्ट आज तशीच उचलू नका, विचार करायची रीत घ्या.

एएम५ चं काय? तो २०२२ मध्ये आला, त्याला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते, त्या बजेटमध्ये तो वाढीव खर्च कार्डातून कापावा लागला असता. त्याने ते स्वतः मांडलं आणि स्वतः नाही म्हणाला, मला त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं.

अशा मुलांना मी आता घरी करायला एक काम देते. आधी लिहा पुढच्या वर्षभरात खरोखर काय खेळणार, मग स्क्रीन, मग कार्ड, मग त्या कार्डाला पुरेल असा प्रोसेसर, बाकीचं त्याच्या मागे. एखाद्या पार्टसमोर फक्त पुढच्या कधीतरीचं कारण असेल तर एक पायरी खाली या. खरेदीची तारीख कॅलेंडरवर टाका. हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, माणूस सगळे पर्याय तपासूच शकत नाही, पुरेसं चांगलं दिसलं की थांबतो, हे त्यांनी फार आधी मांडलं होतं. आणि घेतल्यावर महिनाभर त्याच पार्टचे भाव बघायचे नाहीत, बिलं आणि खोके तेवढे वॉरंटीसाठी जपून ठेवायचे.

आईवडिलांना एकच विनंती, पीसी घरी आला की पहिल्या दिवशी "कितीला पडला" हे विचारू नका. "काय खेळणार आहेस, दाखव" म्हणा आणि दहा मिनिटं शेजारी बसा.