नोटरी केलेलं भागीदारीपत्र म्हणजे फर्मची नोंदणी नव्हे

प्रश्न : सांगलीत आमचं फर्निचरचं दुकान आहे. वडील, थोरले बंधू आणि मी भागीदार. भागीदारीपत्र नोटरी केलेलं आहे. आता इंटिरियरची कामंही घेतो. विश्रामबागेत एका फ्लॅटचं किचन आणि वॉर्डरोब करून दिले. 2 लाख 80 हजार येणे बाकी. कोटेशन व्हॉट्सॲपवर, करार नाही. आता ग्राहक म्हणतात, मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय सांगून साधा लावला, सिंकखालचं कपाट फुगलं. ग्राहक आयोगात जाण्याची त्यांच्या वकिलांची नोटीस आली आहे. बंधू म्हणतात, सुतार नेऊन शटर काढून आणू. काय करावं?

उत्तर : आधी बंधूंना थांबवा. विकलेला माल पैशांसाठी अडवून ठेवण्याचा हक्क तो तुमच्या ताब्यात असेपर्यंतच असतो. भिंतीला बसलेलं किचन आता त्यांचं आहे. परवानगीशिवाय घरात शिरून शटर काढलीत, तर फौजदारी तक्रार तुमच्यावर होईल आणि थकबाकीचा विषय बाजूलाच पडेल.

पैशांचा दावा दिवाणी न्यायालयात लावता येईल, पण आज नाही. पॅन, जीएसटी, शॉप ॲक्ट, नोटरी हे सगळं असलं तरी फर्म नोंदलेली ठरत नाही. नोंदणी भागीदारी संस्था निबंधकांकडे करावी लागते. भागीदारी अधिनियम 1932 च्या कलम 69 प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावर आधारलेला दावा बाहेरच्या माणसाविरुद्ध लावता येत नाही, आणि दावा लावणाऱ्यांची नावंही भागीदार म्हणून त्या नोंदवहीत हवीत. दावा लावल्यावर नोंदणी करून तो दोष जात नाही. घरच्या धंद्यात हे फार वेळा राहून जातं आणि खऱ्या येण्यावर पाणी सोडावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. तेव्हा नोंदणीचा अर्ज याच आठवड्यात करा. दावा लावण्याची मुदत सर्वसाधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं असते. नोंदणीअभावी दावा फेटाळला गेला आणि मधल्या काळात ती संपली, तर वसुलीचा मार्गच बंद.

स्वतःचा बचाव करायला मात्र कलम 69 आड येत नाही. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाली की 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. आयोग फार तर आणखी 15 दिवस देऊ शकतो. 45 दिवसांनंतर आलेलं म्हणणं घेतलं जात नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये हे पक्कं केलं आहे.

आता प्लायचं. सगळा वाद इथेच ठरेल. मरीन प्लायवर आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असतो, पण लॅमिनेट चढलं की तो बहुधा झाकला जातो. म्हणून प्लायच्या डीलरचं त्या तारखांचं बिल शोधा. त्यावर ग्रेड आणि शीटची संख्या आहे का पाहा. त्या मानकाच्या चाचणीत प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, आणि आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. खरोखरच साधा प्लाय लागला असेल, तर तुमच्या वकिलांपासून लपवू नका आणि ते कपाट बदलून द्या. ग्राहकाने मरीनचे पैसे कबूल केले होते, तेवढा त्यांचा हक्क आहे. त्यापायी बाकीच्या कामाचे पैसे बुडत नाहीत.

ग्राहकाच्या वकिलांच्या नोटिशीला दिलेल्या मुदतीत उत्तर पाठवा. त्यात कोटेशनची तारीख, मिळालेल्या आणि थकलेल्या रकमा लिहा आणि दोघांच्या समक्ष कपाट पाहण्याची तयारी दाखवा. सिंकचा नळ किंवा ट्रॅप गळतो का, हे त्या वेळी बघून फोटो घ्या. कोटेशन आणि “उरलेले नंतर देतो” असे मेसेज असतील, तर ते पुसू नका, तो मोबाईलही विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते पुरावा म्हणून देता येतात. तुमच्या वकिलांकडे जाताना भागीदारीपत्र, डीलरची बिलं आणि पैसे जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट न्या. वडिलांनाही सोबत न्या, कारण फर्मच्या नोंदणीच्या अर्जावर तिघांच्याही सह्या लागतील.