लेकीचा पहिला चष्मा

ताई, लेकीला चष्म्याचा नंबर निघाला म्हणून घाबरू नका. तो वेळेत लक्षात आला हे चांगलंच झालं. सकाळी लवकर पुण्यातल्या ससून रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन डोळ्यांचा केसपेपर काढा. शाळेत तपासणी होऊन चिठ्ठी मिळाली असेल तर ती सोबत न्या, आणि मोफत चष्म्याचं तिथेच विचारा.

दोन चुका टाळा:

- डोळ्यांत तपासणीचे थेंब (बाहुली मोठी करणारे, डोळ्यांचा जोर सैल करणारे) न घालता दुकानात मशीनवर काढलेला नंबर लावू नका. मुलं नकळत डोळ्यांवर जोर देतात, त्यामुळे नंबर चुकतो. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. टोपी न्या, परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका.
- चष्मा फक्त अभ्यासापुरता नको. एक डोळा आळशी (म्हणजे नजर नीट न घडलेला) असेल तर सात-आठ वर्षांच्या आत उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो.

चांगल्या डोळ्यावर लावायची पट्टी, नंबर वाढणं हे सगळं नंतर बोलू. आधी तपासणी.