कंडोम वापरतो, लक्षणं काहीच नाहीत. तरी गुप्तरोगाची तपासणी करावी का? कुठे?

करा. ‘लक्षणं नाहीत’ हे मीही दोन महिने स्वतःला ऐकवत होतो.

२०१९ मध्ये मला खाली एक जखम झाली. शर्टाच्या बटणाएवढी, कडक, अजिबात न दुखणारी. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून दाजींकडे गेलो. त्यांचं मेडिकल आहे. त्यांनी जखम न बघताच गोळ्यांची एक पट्टी पुढे सरकवली. “उष्णता आहे. सब्जा पी, बाहेरचं खाऊ नकोस.” महिन्याभरात जखम गेली. दाजी खूश, मी खूश.

मग तळहातांवर-तळपायांवर तांबूस चट्टे उठले. खाज नाही, काही नाही. पुन्हा उष्णता, पुन्हा सब्जा. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नुसते तळहात पाहिले आणि व्हीडीआरएल ही रक्ततपासणी लिहून दिली. सिफिलिस. ती जखम तीन ते सहा आठवड्यांत आपली आपणच भरते, जंतू अंगातच राहतात. (जुनी माणसं या रोगाला ‘गरमी’च म्हणायची. निदानाच्या इतक्या जवळ दाजी पुन्हा कधी गेले नाहीत.)

बेन्झाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, कमरेत दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं. दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. त्याहून अवघड, जिच्याशी संबंध आला होता तिला फोन करून सांगणं. तिनेही रक्त तपासलं, इंजेक्शन घेतलं. नंतर माझा फोन उचलला नाही.

आणि हो, कंडोम मीही वापरायचो. तो झाकतो तेवढंच वाचवतो; माझी जखम पार मुळाशी होती. म्हणून सोडू नका, एचआयव्ही आणि परम्याला (गनोरियाला) तोच अडवतो.

कुठे? सरकारी रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. एचआयव्हीची तपासणी फुकट. संमतीशिवाय रक्त घ्यायचं नाही, रिपोर्ट गुप्त ठेवायचा, असं २०१७ चा कायदाच सांगतो. सिफिलिसचंही तिथेच विचारा. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केलात तर जवळचं केंद्र कळेल. संबंधानंतर लगेच एचआयव्ही निगेटिव्ह आली तर नाचू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या घेऊ नका. नात्यातला असेल तर मुळीच नको.

मी डॉक्टर नाही. किती इंजेक्शनं लागतील ते आजार किती जुना यावर ठरतं.

ताईला कळू नये म्हणून दाजींना मी अजून काही सांगितलेलं नाही. दर भाऊबीजेला ते चारचौघांत म्हणतात, “याची उष्णता मीच घालवली.” आणि ताई माझ्यापुढे सब्जाचं सरबत ठेवते.